लातूरची ना तू?

झोपायला हवं. पहाटे साडेतीनला उठायचंय, उद्यापासून शिराझची, म्हणजे वाइनच्या काळ्या द्राक्षांची, तोडणी. पण आमच्या वायनरीतल्या सरांचं ते वाक्य डोक्यातून जाईना.

वाक्य तरी काय, एवढंच: "लातूरची ना तू? तरीच." पुण्याहून पाहुणे आले होते, वितरक की कोण, सर त्यांना टाक्या दाखवत होते. मी बाजूलाच क्रेट धूत होते. एक क्रेट झाला की पाइप मुडपून अंगठ्याखाली दाबायचा, दुसऱ्या हातानं पुढचा क्रेट ओढायचा, मग अंगठा काढायचा. अशी मी धुते. सरांनी बघितलं आणि पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "ही आमची इंटर्न. दिवसभर लोकांचे नळ बंद करत फिरते." आणि मग ते वाक्य. सगळे हसले. मीही हसले. जरा जास्तच हसले, राग बहुतेक त्याचाच येतोय.

सर वाईट नाहीत. रसातली साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर पहिल्यांदा हातात दिला तो त्यांनीच. ब्रिक्स, म्हणजे साखरेचा आकडा, बावीसच्या वर गेला तरी त्यांचं समाधान होत नाही, मणी तोंडात टाकून बी चावून बघतात. बी हिरवी आणि तुरट लागली की "थांबा अजून." तपकिरी होऊन कडकन फुटली की तोडणीचा दिवस ठरतो. माणूस इतकं बारीक बघणारा आहे, म्हणूनच वाटतं की त्यांनी माझ्याकडे बघून एवढंच का बघितलं.

इथं यायच्या आधी मला हार्वेस्ट म्हणजे द्राक्षं वाटायची. हार्वेस्ट म्हणजे धुणं. ऊन चढायच्या आत टोळी तोडून मोकळी होते, माल आत येतो, आणि त्यानंतर रात्रीपर्यंत आम्ही धूत असतो. क्रेट, देठ काढायचं डीस्टेमर, प्रेस, पंप, पाइप, फरशी, पुन्हा क्रेट. टाकी असेल तर कॉस्टिक, पाणी, सायट्रिक, परत पाणी, आणि पीएच पेपरनं हो म्हणेपर्यंत धार चालू. तिथं मी कधी हात आखडला नाही. एवढं शिकवलंय परभणीच्या कॉलेजनं. कुठं सालपट चिकटून राहिलं तर पुढच्या रसाचं काय होतं ते मला चांगलं माहीत आहे. माझं दुखणं वेगळं आहे. पाइप फरशीवर वाहता टाकून ब्रश आणायला जातात ना, फोन आला की बाहेर जातात, ते. तेवढं मला बघवत नाही. मी जाऊन नळ बंद करते. ते येऊन चालू करतात. असं दिवसभर.

बरं, ते पाणी वायाही जात नाही. सगळं ईटीपीत, म्हणजे सांडपाणी साफ करायच्या प्लांटमध्ये, जातं आणि तिथून फाटकाजवळच्या झाडांना. मी स्वतः मागं जाऊन बघून आले, पाइपाच्या शेवटापर्यंत. तरी हात ऐकत नाही.

२०१६ ला मी सहावीत होते. मांजरा धरण आटलेलं, पाण्याच्या टाक्यांपाशी १४४ कलम. मिरजेहून पाण्याची रेल्वे आली १२ एप्रिलला, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ती मी टीव्हीवरच बघितली, आपल्याच गावात उभी असलेली गाडी. आमच्या घागरीत त्यातलं काय आलं असेल ते असेल. घरात नियम एकच होता, पाणी दोनदा वापरल्याशिवाय सांडायचं नाही. तांदळाचं पाणी भांड्यांना, भांड्यांचं संडासात. आंघोळ मोठ्या घमेल्यात बसून, म्हणजे तेही पाणी साठतं. आणि त्याच उन्हाळ्यात मी घमेल्यात मावेनाशी झाले होते. असो.

बाहेरच्या माणसाला लातूरच्या तीन गोष्टी ठाऊक असतात: भूकंप, पॅटर्न आणि पाण्याची रेल्वे. भूकंप १९९३ चा, तो माझ्या जन्माच्या आधीच होऊन गेला, आणि किल्लारी आमच्या घरापासून लांब. पॅटर्नमध्ये मी बसले नाही, मेडिकलला नंबर लागला असता तर आज इथं कशाला असते, तो विषय नको. उरली रेल्वे. म्हणजे सर चुकीचं काही बोललेच नाहीत. मग लागलं का? पाहुण्यांसमोर बोलले म्हणून? की मला वाटत होतं, ही सवय माझी आहे, मी काळजीपूर्वक काम करते म्हणून आहे, आणि त्यांनी एका शब्दात ती जिल्ह्याच्या नावावर करून टाकली?

नाशिकची ती दुसरी इंटर्न चष्मा पुसून पुसून हैराण करते, तिला कुणी विचारत नाही, नाशिकची ना तू.

संध्याकाळी चेहरा उतरलेला असणार, कारण क्रेट लावताना टोळीतल्या मावशींनी विचारलंच. त्याही मराठवाड्यातल्याच, भूमकडच्या. मी सांगितलं. मला वाटलं ह्या तरी माझ्या बाजूनं बोलतील. त्या म्हणाल्या, "मग वाहू दे की बाई, कशाला बंद करायलीस? आमच्याकडं वाहतंय का कुठं? हितं तरी बघू दे डोळे भरून." आणि खरंच चालू पाइप उचलून त्यांनी आरामात पाय धुतले, कोपरं धुतली, तोंड धुतलं, चूळ भरली, पुन्हा पाय धुतले. मी बघत उभी. माझा अंगठा नुसता शिवशिवत होता. त्यांच्याच गावात टँकर येतो म्हणे अजून. म्हणजे दुष्काळानं मी चिकट झाले आणि त्या उधळ्या, आणि सरांच्या हिशोबात दोघी एकाच खात्यात.

तेव्हापासून मला थोडं हसू यायला लागलंय.

सर वेलीबद्दल बोलताना म्हणतात, तोडणीच्या आधी पाणी कमी करायचं, वेलीला ताण द्यायचा. मणी लहान राहतो, पण रंग आणि चव दाटते. पाण्यावर फुगवलेलं फळ खायला ठीक, वाइनला पाणचट. उद्या म्हणावं का त्यांना, सर, मग आमच्या अख्ख्या जिल्ह्याची वाइन एक नंबर व्हायला हवी. नाही म्हणणार. सर्टिफिकेटवर सही त्यांचीच आहे. पण म्हणायला मजा येईल.

परवा स्टोअरमध्ये पाइपच्या तोंडाला लावायची गन मागितली, खटका सोडला की पाणी बंद होणारी. बाजारात साधी प्लास्टिकचीही मिळते. स्टोअरवाले भाऊ म्हणाले, हार्वेस्ट संपल्यावर बघू. इथं सगळंच हार्वेस्ट संपल्यावर आहे. माझी सुट्टी, कॉलेजचा रिपोर्ट, आणि आजीला सांगणं की ज्यूसच्या कंपनीत नाहीये मी. सरांना मात्र उद्याच विचारणार. गनचं. लातूरची आहे म्हणून मागतेय, असंच सांगते, लवकर मिळेल.