बिल क्रमांक ४२१८, दुसऱ्यांदा

सप्टेंबरमधल्या एका सकाळी मार्केट यार्डातल्या एका भुसार व्यापाऱ्याच्या दिवाणजींचा फोन आला. "साहेब, ४२१८ नंबरचं बिल दुसऱ्यांदा छापून आलंय." आदल्या संध्याकाळचे शेवटचे बिल ४६८९ होते. म्हणजे मधली ४७२ बिले, नऊ दिवसांची अडत, हमाली, तोलाई आणि उधारी, संगणकातून नाहीशी झाली होती, आणि तरीही प्रोग्रॅम कुठलाही एरर न दाखवता उघडला होता. दूरध्वनीवर मी फक्त एवढेच सांगितले की आता एकही बिल करू नका. मी नारायण पेठेतून गुलटेकडीला पोहोचेपर्यंत त्यांनी आणखी पाच बिले फाडली होती. गिऱ्हाईक दारात उभे असताना व्यापारी थांबत नाही, हे मला एव्हाना ठाऊक असायला हवे होते.

तिथला बिलिंगचा प्रोग्रॅम आमचाच असून सगळ्या नोंदी एसक्यूलाइटच्या एका फाइलमध्ये राहतात. वेगळा सर्व्हर नाही, पासवर्डची कटकट नाही. रिचर्ड हिप यांनी २००० साली ज्या कामातून हा डेटाबेस उभा केला ते अमेरिकी नौदलाच्या युद्धनौकेवरचे होते, आणि शेंगदाणे-साबुदाण्याच्या पेढीवरही तो तितक्याच निमूटपणे चालतो. त्यामुळे दोष त्याचा नव्हता, हे मला आत पाऊल टाकण्यापूर्वीच माहीत होते. फोल्डर उघडल्यावर माझ्या पोटात गोळा आला, कारण मुख्य फाइलशेजारी असायला हवी होती ती ‘वॉल’ शेपटीची मोठी फाइल, जिच्यात नव्या नोंदी आधी साठतात, ती तिथे नव्हती. होती ती सकाळी नव्याने तयार झालेली, जेमतेम काही केबींची.

इथे जूनमधली एक गोष्ट सांगणे भाग आहे. दिवाणजी खातेवहीची खिडकी उघडून ती खाली मिनिमाइझ करून ठेवत, आणि मग बिल सेव्ह करताना ‘डेटाबेस इज लॉक्ड’ असा संदेश येई. ती खिडकी पहिल्या शंभर ओळी दाखवते आणि बाकीच्या स्क्रोल केल्यावर आणते, त्यामुळे तिची क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडे केलेली नोंदींची मागणी, अर्धवट उघडी राहते आणि वाचनाचा लॉक सुटत नाही. आमच्या कार्यालयातून दोन वर्षे एकच उत्तर दिले जात होते, "आधी खातेवही बंद करा, मग बिल करा." खरी दुरुस्ती म्हणजे ती क्वेरी वेळेवर बंद करणे. पण तो कोड सोडून गेलेल्या एका सहकाऱ्याचा होता आणि त्याला हात लावायला कोणी धजत नव्हते, मीही नाही. मी एक ओळ घालून डेटाबेस वॉल पद्धतीवर नेला. २०१० पासून उपलब्ध असलेल्या या पद्धतीत नव्या नोंदी आधी शेजारच्या वॉल फाइलमध्ये उतरतात, त्यामुळे वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही. तक्रार त्याच दिवशी थांबली आणि माझे कौतुकही झाले.

वॉलमधल्या नोंदी मुख्य फाइलमध्ये मुरवण्याच्या कामाला चेकपॉइंट म्हणतात. साधारण हजार पाने (डेटाबेस ज्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांत लिहितो ते), म्हणजे सुमारे ४ एमबी, साचली की तो आपोआप होतो. परंतु एखादी जुनी क्वेरी उघडी असेल, तर तिला दिसणाऱ्या चित्राच्या पुढे चेकपॉइंटला सरकता येत नाही. संगणक रात्रीही चालूच असे, खातेवही नऊ दिवस खाली दडलेली होती, आणि तेवढे दिवस सगळा धंदा वॉल फाइलमध्येच साचत गेला. दिवाणजी मात्र रोज संध्याकाळी न चुकता मुख्य फाइल पेन ड्राइव्हवर तारखेच्या फोल्डरमध्ये कॉपी करत होते. एकच फाइल, हे त्यांना मीच शिकवले होते.

आदल्या रात्री लाइट गेली आणि यूपीएसने दम तोडला. सकाळी पेढीवर आधी पोहोचलेल्या शेठच्या पुतण्याला २३ एमबीची एक अनोळखी फाइल दिसली आणि त्याने ती कचरा समजून डिलीट केली. तेही प्रोग्रॅम उघडण्यापूर्वी, कारण चालू प्रोग्रॅमने धरलेली फाइल विंडोजने त्याला हलवू दिली नसती.

रिसायकल बिनमध्ये ती फाइल सापडली तेव्हा पहिला मोह तिला जागेवर परत ठेवण्याचा होता. तसे केले असते तर सगळेच बुडाले असते, कारण मुख्य फाइल सकाळपासून पुढे गेली होती आणि जुनी पाने तिच्यावर उमटून डेटाबेस विस्कटला असता. मला हवी होती ती आदल्या संध्याकाळची मुख्य फाइल. मी पेन ड्राइव्ह लावला आणि तारखा पाहिल्या. शेवटच्या नऊही फोल्डरांतल्या फाइलींवर बदलाची वेळ मिनिटापर्यंत एकच होती. नऊ दिवस दिवाणजींनी एकाच मजकुराच्या नऊ प्रती काढल्या होत्या. एकट्याने निरुपयोगी, पण या वॉलची जोडीदार नेमकी तीच. मी दोन्ही फाइली माझ्या लॅपटॉपवर एका फोल्डरमध्ये ठेवल्या, नावे जुळवली आणि डेटाबेस उघडला. शेवटचे बिल ४६८९. डेटाबेस शाबूत आहे का ते पाहणाऱ्या ‘इंटेग्रिटी चेक’ने ‘ओके’ म्हटले, तरी मी दिवाणजींच्या कच्च्या वहीतली वीस बिले एकेक करून ताडून पाहिली. सकाळची सहा बिले हाताने भरली, त्यांना ४६९० पासून क्रमांक दिले आणि छापलेल्या प्रतींवर दिवाणजींनी लाल शाईने दुरुस्त्या केल्या.

त्यानंतर खातेवहीची क्वेरी दुरुस्त करायला मला चाळीस मिनिटे लागली. दोन वर्षे टाळलेले काम! बॅकअपसाठी वेगळे बटण दिले. ते ‘व्हॅक्यूम इनटू’ ही आज्ञा वापरून चालू डेटाबेसची पूर्ण प्रत काढते. वॉल फाइल हा डेटाबेसचाच भाग आहे आणि कॉपी करताना ती सोबत न्यावी लागते, हे एसक्यूलाइटच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेले आहे, आणि जूनमध्ये मी ते वाचलेले होते.

मी कामात असताना शेठ गादीवरून पुतण्याला सगळ्यांसमोर बोलत होते. हमालसुद्धा थांबून ऐकत होते. मुलगा मान खाली घालून उभा होता, आणि मी स्क्रीनवरून नजर काढली नाही. निघताना दिवाणजींनी विचारले, "साहेब, मग गेले तीन महिने मी पेन ड्राइव्हवर नेत काय होतो?" मी म्हणालो, आता नवीन बटण वापरा. भेटीच्या फॉर्मवर ‘बिघाडाचे कारण’ या रकान्यात मी ‘वीजपुरवठा खंडित’ असे लिहिले, आणि दिवाणजींनी त्याखाली सही केली.