तापलेली नळी

एकाच महिन्यात माझ्या पुस्तकाला दोन पुरस्कार. दोन शाली, दोन नारळ, आणि कुठेही ठेवली तरी धूळच खाणारी दोन स्मृतिचिन्हं. दोन्हीकडे भाषणात प्रकाशकापासून झेरॉक्सवाल्यापर्यंत सगळ्यांचे आभार मानले. सुभेदारकाका तेवढे राहिले. सुचलेच नाहीत, खोटं कशाला सांगू. म्हणून एक शाल पिशवीत घालून रविवारी पुण्याहून माणगावची एसटी धरली.

ताम्हिणीचं वर्णन करत नाही. पावसाळ्यातल्या रविवारी तिथे धबधब्यांपेक्षा गाड्याच जास्त दिसतात. उरलंसुरलं डोकं माणगावातल्या महामार्गाने फिरवलं. तहसील कचेरीच्या आवारात दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या, माझ्या पुस्तकातल्या नाईक यशवंत घाडग्यांचा पुतळा आहे, तिथे नेहमीसारखा दोन मिनिटं थांबलो.

काका ओटीवरच होते. मांडीवर माझं पुस्तक, त्यात पेन्सिल.

"बस. तुझा घाडगे काढ."

काढला. १० जुलै १९४४, इटली, टायबर नदीचं वरचं खोरं. मशीनगनच्या माऱ्यात घाडग्यांच्या सेक्शनमधले बाकी सगळे पडले, कोणी ठार, कोणी जखमी. हा एकटा धावत गेला, हातबॉम्ब टाकला, टॉमीगनने एकाला उडवलं. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता. मग बंदूक उलटी धरून उरलेल्या दोघांना ठेचलं, आणि तिथेच दबा धरून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी पडला. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक. देह सापडलाच नाही. नाव इटलीतल्या कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर आहे. परीक्षकांनी नेमकं हेच पान वाखाणलं होतं.

'उलटी धरून'खाली पेन्सिलीची रेघ होती.

"उलटी म्हणजे कुठे धरली?"

"नळीला."

"आत्ताच फायर केलेली?"

"हो."

"मग तापलेली असणार की रे. भरती झालो तेव्हा स्टेनगनच्या नळीला माझं नुसतं बोट लागलं, तर टरकन फोड आला." त्यांनी ते बोटही दाखवलं. "ह्याने मुठीत धरली. ते कुठाय?"

घाडग्यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या सन्मानपत्रात 'नळी' हा शब्द स्पष्ट आहे. मी तो चार वर्षांत कितीदा वाचला असेन! मुकाट्याने चहा प्यालो. आभाराचं पाठ केलेलं वाक्य काही तोंडातून बाहेर पडेना, तेव्हा शालच पुढे केली.

"ह्या उकाड्यात शाल?" काकांनी ती बाजूला ठेवली. लगेच मांजर येऊन तिच्यावर बसलं. "दुसरी आवृत्ती कधी?"

"बघू."

"बघू काय? ही पेन्सिल घे. अजून सात जागी रेघा आहेत."