चालतात हो, पण आत घेत नाहीत

"तू लिनक्सवर गेम खेळतेस ना? मग आमच्याही पीसीवर टाकून दे की." लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, तेव्हापासून हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत, ऑफिसच्या कँटीनमध्ये आणि बिल्डिंगच्या लिफ्टमध्येसुद्धा ऐकते आहे. विचारणाऱ्याचा पीसी विंडोज ११ घेत नसतो, त्यासाठी लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसते, आणि नव्या मदरबोर्ड-प्रोसेसरचा आकडा ऐकून तो लॅमिंग्टन रोडवरून हात हलवत परत आलेला असतो. मी नाही म्हणते. मग पुढचा प्रश्न ठरलेला: म्हणजे लिनक्सवर गेमिंगला भविष्य नाही? मग तू का धरून बसलीयेस? तेवढ्यात लिफ्ट तळमजल्याला पोचते आणि उत्तर अर्धं राहतं. एकदाच सगळं लिहून टाकते.

एक वाद आधी मिटवू. एकट्याने खेळायचे बहुतेक गेम चालतात. एल्डन रिंग, विचर ३, सायबरपंक २०७७, बाल्डर्स गेट ३: स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात इन्स्टॉल दाबा आणि खेळा. टर्मिनल उघडून कमांड टाइप कराव्या लागत नाहीत. माझं ग्राफिक्स कार्ड एएमडीचं, त्याचा ड्रायव्हर कर्नलबरोबरच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याबरोबरच, येतो. एनव्हिडियावाल्यांना डायरेक्टएक्स १२ या विंडोजच्या ग्राफिक्स-यंत्रणेवरच्या गेममध्ये अजून काही फ्रेम कमी पडतात, मान्य. पण "लिनक्सवर गेम कुठे चालतात" हे आता कुणी मला ऐकवू नये.

ते खरं होतं तेव्हाही मी तिथेच होते. २०१३च्या फेब्रुवारीत स्टीम लिनक्सवर आलं. २०१५च्या नोव्हेंबरात स्टीम मशीन हा लिनक्सवरचा तयार गेमिंग पीसी आला, आणि इथे कुणाला पत्ता लागायच्या आत विस्मरणात गेला. तेव्हा सगळी भिस्त यावर होती की कंपन्या लिनक्ससाठी गेम वेगळा बनवतील. शंभरात एक गिऱ्हाईक, त्याच्यासाठी कोण राबणार? मग २१ ऑगस्ट २०१८ला स्टीमच्या मालक कंपनीने, व्हॉल्व्हने, प्रोटॉन आणलं. विंडोजचाच गेम घ्यायचा, आणि तो विंडोजकडे जे मागतो ते लिनक्सने पुरवायचं. वाइन हा प्रकल्प १९९३पासून हेच करत होता. त्याला जोड मिळाली डीएक्सव्हीकेची, जे डायरेक्टएक्सची भाषा वल्कनला, म्हणजे लिनक्सवर चालणाऱ्या ग्राफिक्स-यंत्रणेला, समजेल अशी करून देतं. फिलिप रेबोले या प्रोग्रामरला नीअर: ऑटोमाटा लिनक्सवर खेळायचा होता, म्हणून त्याने ते लिहायला घेतलं. हट्टी माणसं मला आवडतात. पहिल्या दिवशी प्रोटॉनच्या अधिकृत यादीत २७ गेम होते, आणि मी त्या आठवड्यात भेटेल त्याला सांगत सुटले होते की दोन-तीन वर्षांत विंडोज फक्त टॅलीपुरतं उरेल.

त्या बाईशी, म्हणजे २०१८च्या माझ्याशी, माझं भांडण अजून चालू आहे.

आता लिफ्टमध्ये सांगता येत नाही ते. आमची चौघांची टोळी होती. मी बोरिवलीत, मावसभाऊ मस्कतला, कॉलेजातली एक मैत्रीण पुण्यात, आणि तिच्या ऑफिसातला एक मुलगा, ज्याचं तोंड मी आजवर पाहिलेलं नाही पण आवाज झोपेत ओळखेन. शनिवारी रात्री ओटा आवरला की हेडफोन चढवून बसायचं. गेम नेमबाजीचा, ऑनलाइन. नाव घेत नाही, नावाशी मला घेणं नाही. खेळ निम्मा, गप्पा निम्म्या. मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं ते मला त्या हेडफोनमध्येच कळलं. हा भाऊ फोन केला तर दोन मिनिटांत "ठेवू का?" म्हणणारा. इथे तीन-तीन तास बोलायचा, कारण हात दुसऱ्या कामात गुंतलेले असायचे. तिथल्या नोकरीत त्याचं काय बिनसलंय, घरी परत यायचं त्याच्या मनात आहे का, हे सगळं गोळीबाराच्या मधेमधे, तुटक. मावशीला ते माहीत नव्हतं.

गेम माझ्याकडे झकास चालायचा. लिनक्सवरून खेळायला कंपनीचीच परवानगी होती. मग एका शनिवारी अपडेट आलं. डाउनलोड झालं, शेडर तयार झाले, संगीत वाजलं, लॉबीत तिघांची नावं दिसली. मी 'रेडी' दाबलं आणि बाहेर फेकली गेले. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. मला वाटलं माझ्याकडेच काहीतरी बिघडलंय. प्रोटॉनची आवृत्ती बदलली, गेमच्या फाइली तपासून घेतल्या, राउटर बंद करून चालू केला. तिघं थांबलेले. मैत्रीण म्हणाली, "होईल गं, मी तोवर जेवून घेते." ती जेवून आली तोवर मला कंपनीचं निवेदन सापडलं होतं: लिनक्सआडून फसवणारे फार झालेत, म्हणून लिनक्स बंद.

मी ते त्यांना वाचून दाखवलं. जरा वेळाने भाऊ म्हणाला, "ताई, विंडोज टाक ना. अर्ध्या तासाचं काम. आम्ही थांबतो."

खरंच अर्ध्या तासाचं काम होतं. जास्तीची एसएसडी कपाटात पडून होती. मी म्हणाले, "आज नको, तुम्ही खेळा." पुढच्या शनिवारीही हेच म्हणाले. मग चौथ्या जागी त्या मुलाचा रूममेट आला, चांगला खेळतो म्हणे. ग्रुपवर त्यांच्या विजयाचे स्क्रीनशॉट यायचे, मी अंगठा टाकायचे. मावशीच्या दुसऱ्या गुडघ्याचं ऑपरेशन मला आईकडून कळलं, तेही झाल्यावर.

नवरा म्हणतो, "तत्त्व-बित्त्व काही नाही, तुझा इगो आहे." असेलही. त्याला मी जे ऐकवते ते तुम्हालाही ऐकवते. अशा बऱ्याच गेमचं अँटी-चीट, म्हणजे फसवणारे पकडणारं सॉफ्टवेअर, विंडोजवर थेट कर्नलमध्ये जाऊन बसतं, माझ्या फाइली, माझं नेट बँकिंग, सगळ्याच्या खाली. व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड तर पीसी सुरू होतानाच चालू होतं, त्या दिवशी गेम उघडणार असा किंवा नसा. सोसायटीच्या वॉचमनला चोर पकडायला सोपं जावं म्हणून प्रत्येकाने घराची किल्ली त्याच्याकडे द्यायची, असा हा ठराव. मी हात वर केला नव्हता.

पण दुसरी बाजू मला ठाऊक नाही असं समजू नका. ती मी लिनक्सवाल्यांत बोलले की मलाच फितूर ठरवतात. लिनक्सचं कर्नल कुणीही बदलून, स्वतः कंपाइल करून चालवू शकतो. आपल्याला ते आवडतं ते याचसाठी. मग पलीकडच्या सर्व्हरने माझ्या मशीनच्या साक्षीवर विश्वास कसा ठेवायचा? "इथे काही काळंबेरं नाही" असं सांगणारं कर्नलच मी बदललेलं असू शकतं. भिंतीपलीकडचं दिसणाऱ्या लबाडांकडून मीही मरून चिडलेली आहे, आणि तेव्हा "यांना हाकला, कसंही करून हाकला" हे माझ्याच तोंडून निघालंय.

इझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन अँटी-चीटवाल्यांनी सप्टेंबर २०२१मध्येच प्रोटॉनला दार उघडलं. पण ते आपल्या गेमपुरतं उघडायचं की नाही, हे गेमवाल्याने ठरवायचं. फोर्टनाइटवाले नाहीच म्हणाले. जीटीए ऑनलाइन लिनक्सवर चालत होतं. सप्टेंबर २०२४मध्ये बॅटलआय बसवलं आणि ते गेलं. लीग ऑफ लेजंड्स त्याच वर्षी व्हॅनगार्ड आल्यावर गेलं. काउंटर-स्ट्राइक २ थेट लिनक्ससाठी मिळतं, कर्नलला हात लावत नाही, आणि तिथे फसवणारे किती आहेत ते खेळणाऱ्यांनाच विचारा.

म्हणून "इतके हजार गेम चालतात" हा लिनक्सवाल्यांचा आवडता आकडा आपल्याकडे फारसा उपयोगाचा नाही. इथल्या पोरांना चार हजारांचा एकट्याने खेळायचा गेम कोण घेऊन देतो? ती फुकटचा ऑनलाइन गेम खेळतात, कॅफेतले मित्र खेळतात तोच, आणि नेमका तोच बंद. शिवाय "लिनक्स फुकट आहे" याचंही कुणाला अप्रूप नाही. पायरेटेड विंडोज कधीच कुणाला महाग पडलेलं नाही.

भविष्याचं म्हणाल तर २०१८ची मी टेबलावर हात आपटून म्हणते, बघ! स्टीमच्या सर्वेक्षणात लिनक्स २०२१मध्ये एक टक्क्याच्या आसपास होतं, ऑक्टोबर २०२५मध्ये तीन टक्क्यांच्या वर गेलं. २०२२च्या फेब्रुवारीत स्टीम डेक हा हातात धरून खेळायचा पीसी आला, लाखो लोक आपण लिनक्स वापरतोय हे न कळता लिनक्सवर खेळतायत. नवीन स्टीम मशीनची घोषणाही नोव्हेंबर २०२५मध्ये झाली. मी तिला विचारते, हे केलं कुणी? एका दुकानदाराने. त्याचं दुकान, म्हणजे स्टीम, स्वतः ओपन सोर्स नाही. विंडोज ८मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःचं दुकान उघडलं म्हणून हा दुकानदार घाबरला आणि आपलं भलं झालं. उद्या मालक बदलला तर? आणि डेक तर भारतात अधिकृतपणे विकायलाच आणलेला नाही. इथे तो मिळतो तो आयातवाल्याकडून, तो म्हणेल त्या किमतीला, वॉरंटी देवाच्या भरवशावर. ती म्हणते, प्रोटॉन आणि डीएक्सव्हीकेचा कोड उघडा आहे, मालक बदलला तरी तो कोण परत नेणार? इथे मला उत्तर सुचत नाही.

जुलै २०२४मध्ये क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन झोपवल्या, आपल्या विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून दिले गेले. तोही कर्नलमधला पाहुणाच होता. त्यानंतर मायक्रोसॉफ्टही सुरक्षेची सॉफ्टवेअरं कर्नलबाहेर काढण्याचं बोलू लागलं आहे. अँटी-चीटवालेही बाहेर आले तर माझा हट्ट शहाणपणा ठरेल. नाही आले तर नवरा बरोबर. त्या एसएसडीवर मी अजून काहीही टाकलेलं नाही, विंडोजही नाही आणि दुसरंही नाही.

तर, टाकून देऊ का? आधी पोराला विचारा तो काय खेळतो. व्हॅलोरंट किंवा फोर्टनाइट म्हणाला तर माझ्याकडे येऊ नका, तो घरात तुमच्या नावाने खडे फोडेल आणि तुम्ही माझ्या. बाकी कुणी असाल तर १६ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह घेऊन रविवारी सकाळी या. फोटोंचा बॅकअप आधी घरीच घ्या. फॉरमॅट मारल्यावर "त्यात मुंजीचे फोटो होते" हे मी ऐकून घेणार नाही.