म्याओफेंगशानची जत्रा आणि उंच काठ्यांचं पथक

चिनी पंचांगातला चौथा महिना लागला की जुन्या पेकिंगमधल्या मंडळांना पश्चिमेच्या डोंगराचे वेध लागत. म्याओफेंगशानवर बीश्या युआनजुन देवीची जत्रा, प्रतिपदेपासून पौर्णिमेपर्यंत. सिंहनाचवाले, उंच ध्वज तोलणारे असे नाना गट निघत, पण माणसं वाट अडवून उभी राहत ती गाओच्याओसाठी, म्हणजे पायांना काठ्या बांधून नाचणाऱ्या पथकासाठी.

पथकात सोंगं बारा. सगळ्यात पुढे केस मोकळे सोडलेला भटका साधू, हातात दोन दांडकी. मागे कोळी, कोळीण, लाकूडतोड्या, मलमपट्ट्या विकणारा वैदू वगैरे मंडळी. गाँग दोघांकडे, ढोल दोघांकडे, आणि दोन्ही जोड्यांत एक सोंग देखणं, दुसरं विदूषकी. वाद्यं वाजवणारेही काठ्यांवरच. ठेका मात्र साधूच्या दांडक्यांचा. ढोलवाला जोशात येऊन पुढे पळाला की मागचे एकमेकांच्या अंगावर येतात, काठीला काठी लागते आणि एक पडला तर दोघांना घेऊन पडतो.

काठी सरळ रेषेच्या लाकडाची हवी. गाठ असली तर नेमकी तिथेच मोडते. पाऊल टेकायला आडवी फळी, आणि फळीच्या वरचा भाग पोटरीच्या बाहेरून लावून कापडी पट्ट्यांनी आवळतात, एकदा पावलाशी, एकदा गुडघ्याखाली. छत्तीसगडातल्या हरेली सणाच्या गेडीत, म्हणजे तिथल्या काठ्यांवरच्या खेळात, मुलं बांबू हातात धरून चालतात. इथे हात मोकळे, म्हणूनच पंखा, ढोल, माशाचं जाळं हे सगळं जमतं. पट्टी सैल राहिली तर नडगी सोलते, फार आवळली तर पाय बधिर होतो आणि जमीन कळेनाशी होते. बांधायला उंच ओट्यावर किंवा भिंतीवर बसावं लागतं. एकदा उभं राहिलं की स्तब्ध राहता येत नाही: टेकू अगदी लहान, त्यामुळे पावलं सतत हलती हवीत. नवखा माणूस नाचताना नाही, थांबायला गेला की पडतो.

आठवणी मात्र उंचीपेक्षा रीतीच्याच निघतात. पथकाने गाडी, कंदील स्वतःचे आणायचे, कुणाच्या चहापाण्याचीही अपेक्षा ठेवायची नाही. समोरून दुसरं मंडळ आलं की वाद्यं बंद. म्होरके पुढे होऊन पत्रिकांची अदलाबदल करणार, मगच वाट मोकळी. ही रीत चुकली की भांडण ठरलेलं. शंभर वर्षं पूर्ण केलेलं मंडळ ‘जुनं’ म्हणून मिरवायचं. नव्या मंडळाने इतर मंडळांना बोलावून मान्यतेचा सोहळा केला नाही, तर त्याला कुणी धूप घालत नसे. भाविकांसाठी वाटेवर चहाचे मांडव असत, परतताना डोक्यात लाल मखमली फुलं खोवलेली असत. 1925 मध्ये पेकिंग विद्यापीठाचे इतिहासकार गू जिएगांग आणि सहकाऱ्यांनी डोंगरावर जाऊन या मंडळांच्या नोंदी केल्या, हे फार बरं झालं. पुढे जत्राच बंद पडली. 1990 च्या दशकात ती पुन्हा भरू लागली.

काठ्यांची कला त्याहून कितीतरी जुनी. ‘लिएझी’ या प्राचीन चिनी ग्रंथात सोंग नावाच्या राज्याच्या राजापुढे एक कसरतपटू येतो: पायाला शरीराच्या दुप्पट लांबीच्या काठ्या, हातात सात तलवारी, त्यांतल्या पाच सतत हवेत.

ईशान्येकडे जाल तसा बाज बदलतो. ल्याओनिंग प्रांतातल्या हायचंगला सनईच्या कुळातला सुओना वाजतो, पंखे आणि रुमाल फिरतात, शेवटी माणसांचे मनोरेही उभे राहतात. 2006 मध्ये चीनच्या पहिल्या राष्ट्रीय अमूर्त वारसा यादीत गाओच्याओ आला, त्यात हायचंगही होतं आणि कान्सू प्रांतातलं खुश्वेईही. खुश्वेईच्या काठ्या तीन मीटरहून उंच, दुसऱ्या महिन्याच्या द्वितीयेला निघणाऱ्या. इतक्या उंचीवर उड्या आणि कोलांट्या कुठल्या. तिथे नाटकातल्या पात्रांच्या वेशात डुलत चालायचं, आणि खालून लोकांनी मान वर करून पाहायचं. खरं कसब हवं असेल तर बुटक्या काठ्यांचा ‘लढाऊ’ प्रकार पाहावा: टेबलावरून खाली उडी, लगेच पाय फाकवून जमिनीवर बसकण, आणि हाताचा आधार न घेता परत उभं.