खडकवासल्याचे बूथ काय सांगतात

आज सुट्टीचा दिवस पुण्याच्या खडकवासला विधानसभा मतदारसंघाचे फॉर्म २० वाचण्यात गेला. प्रत्येक बूथवर कोणाला किती मतं पडली, नोटा किती, सगळं त्यात असतं. पोस्टल मतं शेवटी वेगळी येतात, ती बूथच्या हिशेबात धरायची नाहीत.

धायरी, नऱ्हे, वारजे, सिंहगड रोडची चर्चा करताना लोक 'हा पट्टा अमक्या पक्षाचा' म्हणून मोकळे होतात. लोकसभेला हा भाग बारामतीत येतो. २०१९ ला सुप्रिया सुळे बारामतीतून जिंकल्या, पण खडकवासल्यात मागे राहिल्या. इथे भाजपला मोठी आघाडी होती. काही महिन्यांनी विधानसभेला भाजपचे भीमराव तापकीर इथूनच तीन हजारांच्या आतल्या फरकाने कसेबसे जिंकले. मग पट्टा नेमका कोणाचा?

दोन निवडणुकांची तुलना करताना बूथ क्रमांकावर विसंबू नका. मतदार वाढले की बूथ फुटतात, पुढचे क्रमांक सरकतात. दोन्ही वर्षांच्या मतदार याद्या उघडा, भागातल्या सोसायट्या आणि गल्ल्यांची नावं जुळवा, मगच मतं शेजारी मांडा. कंटाळवाणं काम आहे, पण शॉर्टकट नाही.

मतदानाची टक्केवारीही जपून वापरा. पेठेतला फ्लॅट सोडून धायरीला आलेल्यांचं नाव बऱ्याचदा जुन्याच यादीत असतं. तिथला आकडा पडतो आणि 'पुणेकर आळशी' अशी बातमी होते. (आळशी आहोतच, पण इतके नाही!) पत्ता बदलायला फॉर्म ८ भरायचा. फॉर्म ६ फक्त नव्या मतदारांसाठी; तो भरला तर नाव दोन ठिकाणी राहतं.