शिकारीचा पगार

गेल्या आठवड्यात आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझा एक फोटो फिरला. पाठीला सॅक, हातात रायफल, मागे बर्फाचा डोंगर. कुणी टाकला ते मला ठाऊक आहे आणि त्याचा राग नाही. पण त्याखाली नानांनी, म्हणजे माझ्या सख्ख्या चुलत्यांनी, आवाजात निरोप ठेवला: "आरं, माळकऱ्याच्या घरातलं पोरगं तू. जनावरं मारून पोट भरायला एवढ्या लांब गेलास व्हय?"

नानांशी मी वाद घालत नाही, मोठे आहेत. पण पाटण तालुक्यातल्या बऱ्याच जणांच्या मनात हाच प्रश्न असणार, म्हणून इथं लिहितो.

होय नाना, शिकार हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर मी आलो तो डेअरीवर धारा काढायला. सुट्टीच्या दिवशी शेजारच्या शेतकऱ्याबरोबर डोंगरात जायला लागलो आणि लहानपणी आजोबांमागं रान तुडवलेलं सगळं पायांना आठवलं. आता इथल्या पानगळीत आणि हिवाळ्यात मी गाइड म्हणून परदेशी शिकाऱ्यांना वर नेतो. बाकीचं वर्ष जनावरांची संख्या कमी करायची कंत्राटी कामं असतात.

इथला हिशेब वेगळा आहे. सील आणि देवमासे सोडले तर या देशाचे मूळचे सस्तन प्राणी म्हणजे वटवाघळं. हरीण, रानडुक्कर, बकरी, ससा, सगळं बाहेरून आणलेलं. आणि ज्याच्या मागावर मी सगळ्यात जास्त असतो तो थार, म्हणजे एक प्रकारचा डोंगरी रानबकरा, तर आपल्या हिमालयातला. इंग्लंडच्या ड्यूक ऑफ बेडफर्डने पाठवलेले थार १९०४ साली इथल्या सगळ्यात उंच डोंगराजवळ, माउंट कुकजवळ सोडले, पाहुण्यांना शिकार मिळावी म्हणून. हिमालयात त्याच्यावर हिमबिबट्याचा वचक असतो, इथं कुणाचाच नाही. कळप वाढले आणि उंचावरचं गवत, माउंट कुक लिलीची फुलझाडं, सगळं फस्त व्हायला लागलं. १९९३ च्या सरकारी आराखड्यानं थारांची कमाल संख्या १०,००० ठरवली, आणि राष्ट्रीय उद्यानांत तर शक्य तितकी शून्याजवळ. भारतात हाच थार मारला तर तुरुंग. दोन्ही ठिकाणचा कायदा मला पटतो.

पगारी शिकारी ही इथं जुनी गोष्ट आहे. १९३० च्या दशकापासून सरकार हरणं मारायला माणसं ठेवायचं, ती महिनोन्महिने डोंगरात राहायची. पुढं हेलिकॉप्टरं आली, हरणाचं मांस परदेशी जाऊ लागलं, मग तीच हरणं जिवंत धरून कुंपणात पाळायला लागले. त्यामुळं मी शिकारी आहे म्हटलं की इथला माणूस विचारतो, कुठल्या खोऱ्यात? आपल्याकडचा माणूस दोन पावलं मागं सरकतो.

मला या देशाचं सगळ्यात जास्त काही आवडलं असेल तर ती बंदुकीच्या परवान्याची पद्धत, आणि त्याबद्दल मी सविस्तर सांगणार. लेखी परीक्षा, हाताळणीची परीक्षा, हे झालंच. पण त्यानंतर परवान्याच्या तपासणीला एक बाई घरी आल्या. कपाट भिंतीला बोल्टनं पक्कं आहे का हे त्यांनी स्वतः हलवून पाहिलं. काडतुसं वेगळ्या कुलपात आहेत का पाहिलं. मग मला बाहेर अंगणात थांबायला सांगितलं आणि बायकोला स्वयंपाकघरात बसवून एकटीला विचारलं. यांना राग आला की काय करतात? दारू किती? तुम्हाला या घरात बंदूक नको असेल तर आत्ता सांगा, आम्ही त्यांना कारण सांगणार नाही. बायको नंतर मला म्हणाली, "लग्न ठरवताना माझ्या माहेरच्यांनीसुद्धा एवढं विचारलं नव्हतं." नातेवाईक नसलेल्या एका ओळखीच्या माणसालाही गाठून असंच विचारलं. सगळे हो म्हणाले तेव्हा परवाना आला. २०१९ मध्ये ख्राइस्टचर्चला मशिदींवर हल्ला होऊन ५१ माणसं गेली. काही आठवड्यांत बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक बंदुकांवर बंदी आली आणि २०२३ पासून प्रत्येक बंदुकीची नोंद सुरू झाली. मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी सरकारी डोंगरात जायची परवानगी मात्र फुकट, घरबसल्या ऑनलाइन मिळते. माणूस आधी पारखून घेतात आणि मग त्याच्यावर विश्वास टाकतात.

आमच्या आजोबांकडं पीक राखायला ठासणीची बंदूक होती. दर निवडणुकीला ती पोलीस ठाण्यात जमा करायची, नंतर सोडवून आणायची. त्या बंदुकीचे कागद साऱ्यांनी पाहिले. आजोबा कसे आहेत हे आजीला कुणी कधी विचारलं नाही.

पण रान वाचायला शिकवलं ते आजोबांनीच, आणि याचा मला अभिमान आहे. चिमूटभर माती बोटांतून सोडायची आणि ती कुणीकडं जाते बघायचं. वारा तोंडावर पाहिजे, पाठीवर आला तर घरी चला. सकाळी थंड हवा उताराला लागते, ऊन चढलं की वर वळते, म्हणून सकाळी जनावराच्या खाली राहायचं आणि दुपारी त्याच्या वर. इथले गाइड पावडरीची छोटी बाटली दाबून हेच करतात. मला पहिल्यांदा कामावर घेतलं त्या म्हाताऱ्या गाइडनं मला माती सोडताना पाहिलं आणि दुसरं काही विचारलं नाही.

हे ज्ञान आपल्याकडं भरपूर आहे आणि त्याला काडीची किंमत नाही, हे मला खुपतं. माण-खटाव-फलटणकडचे फासेपारधी तित्तिराचा हुबेहूब आवाज काढतात. त्यांना इंग्रजांनी गुन्हेगार जमातींच्या कायद्यानं जन्मानंच गुन्हेगार ठरवलं, १९५२ साली तो शिक्का कागदावरून पुसला, पण लोकांच्या डोक्यातून नाही. मध्य प्रदेशात पन्नाला पारधी मंडळी पर्यटकांना जंगल दाखवतात, पैसे कमावतात. आपल्याकडं का नाही?

शिकार उघडा असं मी म्हणत नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा नसता तर कोयनेच्या रानात आज काही उरलं नसतं. रानडुकरानं भुईमूग उकरला, गव्यानं ऊस झोपवला की शेतकरी रडतो हेही खरं, पण त्यावर गावठी बॉम्ब आणि तारेत करंट हा उपाय नव्हे. त्यात डुकराबरोबर बिबट्या मरतो, आणि रात्री पाणी द्यायला गेलेला माणूससुद्धा.

आता नानांचा मूळ प्रश्न. पाप लागतं का? परदेशी पाहुण्याला म्हातारा नर दाखवायचा, शिंगावरच्या वळ्या मोजून वय ठरवायचं, तीन-तीन दिवस दुर्बिणीला डोळा लावून बसायचं, ते काम आनंदाचं. संख्या कमी करायच्या कामात माद्या मारायच्या असतात, कारण कळप त्यांच्यामुळं वाढतो. ते जड जातं. प्रत्येक वेळी जातं आणि जावंच. एका गोळीत जाईल याची खात्री नसेल तर मी चाप ओढत नाही, मग दिवस फुकट गेला तरी चालेल. कराडच्या मटणाच्या दुकानासमोर रविवारी रांग लावणाऱ्यांनी मला अहिंसा शिकवू नये. नानांनी शिकवावी, त्यांनी आयुष्यात अंडंही खाल्लेलं नाही. त्यांचं ऐकून घेईन, काम सोडणार नाही.

ज्या पोरांनी "दादा, आम्हाला पण यायचंय" म्हणून मेसेज केले, त्यांना एवढंच: शिकारीच्या नावावर व्हिसा मिळेल अशी आशा धरू नका. शेतीतलं, जनावरांचं काम शिकून या. प्रथमोपचार शिका, इंग्रजी बोला, वजन घेऊन डोंगर चढायची सवय ठेवा. नेम ही सगळ्यात शेवटची गोष्ट आहे.

आणि वनखात्यातलं कुणी वाचत असेल तर एक विनंती. वनरक्षकाच्या भरतीत मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान विचारता, धावायला लावता. थोडे गुण माग काढण्याला ठेवा. ओल्या मातीतला खूर सांबराचा की भेकराचा, सकाळचा की कालचा, हे पोराला ओळखायला लावा. परीक्षक शोधायला लांब जायला नको. कोयना आणि चांदोलीच्या कडेच्या वाड्यांत ती माणसं अजून आहेत, आणि त्यातली बरीच तुमच्याकडंच रोजंदारीवर जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे, काढतात.