लंगडा सेकंद

"एक सेकंदावर लावा आणि वाजवून दाखवा," चाचा म्हणाले.

वाजवून. गिऱ्हाईक 'चालवून दाखवा' म्हणतं, फार तर 'मारून दाखवा'. हा शब्द मी कॅमेऱ्याच्या बाबतीत पहिल्यांदा ऐकला. चाचा मिरजेचे. त्यांच्या घरात चार पिढ्या तंबोरे होतात. तिथले सतारमेकर मूळचे शिकलगार, शस्त्रं घासणारे; पुढं हात वाद्यांकडं वळले. मोठ्या भावाचा याशिका मॅट १२४ जी ते आठवड्यापूर्वी माझ्याकडं ठेवून गेले होते. डिसेंबरातल्या त्या सकाळी तो न्यायला आले.

भाऊ आता नाहीत. मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत रात्रभर गाणं चालतं, तिथले फोटो ते काढायचे. फ्लॅश मारून गवयाची समाधी मोडायची नाही असा त्यांचा नियम होता. कॅमेरा तिकाटण्यावर, भिंग पूर्ण उघडं म्हणजे एफ ३.५, आणि आलाप संथ असताना अर्धा सेकंद नाहीतर एक सेकंद. आता हा कॅमेरा नातीला द्यायचा होता. रोलवर फोटो बाराच, आणि ती रात्र वर्षातून एकदाच.

मी कॅमेरा कॉक केला, म्हणजे आतली स्प्रिंग ताणली, आणि एक सेकंदावर सोडला. झर्रर्रर्र, टक्.

हा झर्रर्र कशाचा, ते सांगतो. फिल्मवर उजेड किती वेळ पडू द्यायचा ते शटर ठरवतं. भिंगांच्या मधल्या या शटरमध्ये पातळ पोलादी पाकळ्या असतात. स्प्रिंग त्यांना उघडते आणि लगेच मिटवायलाही बघते. तसं होऊ द्यायचं नसेल तर वाटेत एक छोटी गिअर ट्रेन, म्हणजे एकमेकांत अडकलेल्या दातेरी चाकांची रांग, आडवी येते. तिच्या शेवटच्या दातेरी चाकावर एक अँकर, म्हणजे नांगराच्या आकाराचा छोटा तुकडा, डावी-उजवीकडं आपटत राहतो, चाकाला एका वेळी एकच दात पुढं जाऊ देतो. सगळी चाकं फिरून झाली की पाकळ्या मिटतात. वेग वाढवत नेला तसा ट्रेनचा कमी-कमी भाग वापरला जातो, आणि पुढं एका टप्प्यावर अँकरच बाजूला सरकतो. म्हणून १/५०० ला नुसतं 'टक्' होतं, १/८ ला तोकडं 'चर्र', आणि एक सेकंदाला शटर पूर्ण गातं.

माझे वडील घड्याळजी. एचएमटी जनतासारख्या चावीच्या घड्याळातही अँकर असतो, पण तिथं बॅलन्स व्हील आणि हेअरस्प्रिंग त्याला ताल देतात, सेकंदाला नेमके पाच ठोके. शटरच्या अँकरला असा कोणी धनी नाही. तो फक्त आपल्या वजनानं अडवतो. त्यामुळं किती वेळ लागणार हे स्प्रिंगच्या जोरावर, दातांच्या घासण्यावर आणि तेलाच्या घट्टपणावर ठरतं. चाळीस-पन्नास वर्षांत तेल वाळून वार्निशसारखं होतं आणि सगळ्यात आधी स्लो स्पीड जातात, कारण ट्रेनच्या टोकाशी पोचेपर्यंत स्प्रिंगचा जोर अगदी क्षीण झालेला असतो. (त्यात लोक सेल्फ-टायमरचा 'व्ही' खटका ओढून बघतात. त्याचीही अशीच ट्रेन असते, ती मधेच अडकली की पूर्ण शटर अडकतं. जुन्या कॅमेऱ्याच्या त्या खटक्याला हात लावू नका.)

चाचांचा कॅमेरा आला तेव्हा एक सेकंदाला 'झर्र' करून थांबायचा, पाकळ्या उघड्याच राहायच्या. मी पुढचं कातडं सोलून, पॅनेल काढून शटरपर्यंत गेलो. स्लो स्पीडचा संच आख्खा काढला, व्हाइट पेट्रोलमध्ये धुतला, वाळवला, कण्यांच्या टोकांना सुईनं थेंबभर तेल दिलं आणि परत बसवला. मग वेळ मोजली. शटर मोजायचं माझं यंत्र २०१९ च्या पुरात गेलं, तेव्हा सांगलीत मारुती रोडवरच्या या दुकानात माळ्यापर्यंत पाणी होतं. आता मी फोनवर आवाज रेकॉर्ड करतो आणि उघडल्याचा ठोका ते मिटल्याचा ठोका हे अंतर बघतो. १/३० च्या खालच्या वेगांना ही पद्धत पुरते. वरच्या वेगांना उजेडाचा सेन्सर लागतो. आकडा आला १.०४. निगेटिव्हवर एवढा फरक दिसतच नाही. दिसायला साधारण १.२५ च्या पुढं जावं लागतं. मी वहीत बरोबरची खूण केली होती.

चाचांनी ऐकलं. मग म्हणाले, "हातात नको. हितं लाकडावर ठेवा." माझं काउंटर जुन्या सागवानाचं आहे. त्यावर कॅमेरा उभा केला, त्यांनी शेजारी तळवा सपाट टेकवला. मी सोडला. परत सोडला. तिसऱ्यांदा त्यांनी दुसऱ्या हाताच्या बोटानं त्या आवाजाबरोबर काउंटरवर टिचकी धरली.

"मधी लंगडतंय."

मला काही ऐकू आलं नव्हतं. मी फोन पुढं केला, आकडा दाखवला.

"आकडा बरोबर असंल की. सुरुवात बरोबर, शेवट बरोबर. मधलं बघा. घोडीवर एखादा कण राहिला की जवारी अशीच फाटती. तार सुरात असती, तरी बोलत नाही." (घोडी म्हणजे तंबोऱ्याच्या तारा टेकतात ती पट्टी, जवारी म्हणजे तिथून उठणारा झंकार.)

खरं सांगायचं तर मला राग आला होता. तीस वर्षं हे काम करतोय. पण त्यांनी टिचकी धरली होती, आणि टिचकीला ताल होता. उगीच खोट काढणाऱ्या माणसाला ताल सापडत नाही. मी रेकॉर्डिंग परत उघडलं आणि दोन ठोक्यांच्या मधला भाग मोठा केला. इतकी वर्षं मी फक्त दोन टोकं बघत होतो. मधे अँकरचे ठोके कणसाच्या दाण्यांसारखे ओळीनं लागलेले दिसले, आणि ठरावीक अंतरानं एक दाणा किंचित उशिरा. प्रत्येक वेळी तेवढंच अंतर. म्हणजे चाकाचा एक फेरा. म्हणजे एकच दात.

"चाचा, दोन तास लागतील."

"लागू द्या. मी बसतो."

शटर परत उघडलं. संच काढला आणि या वेळी पूर्ण सुटा केला. तो मी आधी सुटा केला नव्हता, आख्खाच बुचकळून काढला होता. चुकलं ते तिथं. डोळ्याला भिंग लावून दातेरी चाक एक-एक दात फिरवत गेलो. दोन दातांच्या बेचक्यात मधाच्या रंगाचा एक कण होता, दगडासारखा कडक. पेट्रोलनं तो सुटला नव्हता. लाकडाची काडी टोकदार करून, ओली करून, हळूहळू खरवडला. पोलादी सुई तिथं लावली नाही, दाताला ओरखडा गेला असता तर नवं चाक कुठून आणणार?

एवढ्यानं काय बिघडलं असतं? त्या दिवशी तरी काहीच नाही. पण उरसाच्या रात्री थोडा गारवा असता, तेल जरा आखडलं असतं, तर ट्रेन त्याच दातावर थांबली असती. पाकळ्या उघड्या, मुलगी अंधारात तिकाटण्यामागं उभी, आणि पुढं गाणं चालू.

जोडून परत लाकडावर ठेवला. या वेळी तळवा मीही टेकवला. हाताला एकसारखी सळसळ लागली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आणि मग मिटल्याचा ठोका. फोनवर ०.९८. चाचांनी अर्धा, पाव, १/८, १/१५ असं सगळं खाली-वर वाजवून घेतलं आणि म्हणाले, "लागला."

ठरल्यापेक्षा जास्त पैसे द्यायला निघाले, मी घेतले नाहीत. ते मिरजेच्या बसला गेल्यावर मी कपाटातून तयार होऊन बसलेले चार कॅमेरे काढले, वहीत चौघांपुढं बरोबरची खूण होती. एकेक काउंटरवर ठेवून हात टेकवत गेलो. तीन नीट होते. चौथा, एक पेंटॅक्स के १०००, अर्ध्या सेकंदाला तसाच अडखळत होता. विट्याच्या गिऱ्हाइकाला फोन केला आणि म्हटलं, उद्या येऊ नका, मला अजून दोन दिवस द्या.